टाळी गिळणारी खोली

माझ्या नवऱ्याच्या मामांनी मला जितक्या वेळा मान खाली घालायला लावली आहे, तितकी शाळेत गणिताच्या बाईंनीही लावली नसेल. आणि तरीही, म्हैसूरच्या अख्ख्या मंडी मोहल्ल्यात मामांइतका गोड माणूस दुसरा नाही, असं मी कुणालाही शपथेवर सांगेन. मामांना नाही म्हणता येत नाही. देवराज मोहल्ल्यात त्यांचं पडद्यांचं आणि गाद्यांचं दुकान होतं, तेव्हा एखाद्या गिऱ्हाइकाने निळ्या कापडावर हात फिरवत "हा हिरवा किती छान आहे" असं म्हटलं, तर मामा क्षणभर कापडाकडे बघायचे, क्षणभर गिऱ्हाइकाकडे, आणि म्हणायचे, "हौदु हौदु, स्वल्प हिरवाच आहे." हो हो, थोडा हिरवाच आहे. त्यांचे आजे-पणजे कापड रंगवणारे. अशा कुळात जन्मून निळ्याला हिरवा म्हणताना जिवाला काय यातना होत असतील, ते त्यांचं त्यांना माहीत. पण समोरच्याचं मन म्हणून मोडायचं नाही. माझ्या हातची कॉफी ते रोज सकाळी प्यायचे आणि रोज "फर्स्ट क्लास" म्हणायचे. मी साताऱ्याची, नोकरीसाठी म्हैसूरला आले आणि श्रीधरशी लग्न करून इथलीच झाले. कॉफी करायला मला कुणी शिकवलं नव्हतं. मामांचं "फर्स्ट क्लास" ऐकून मला वाटायचं, आपल्याला उपजतच येत असावी.

मामी गेल्यावर मामा खालच्या मजल्यावर एकटे राहिले आणि वरच्या मजल्यावर आम्ही आलो. त्यांचं मराठी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात मुरलेलं मराठी. "मी पत्र लिहिलो", "मी आंबा खाल्लो" असं ते बोलतात, मध्येच कन्नडमध्ये शिरतात आणि वाक्याच्या शेवटी "अल्ला?", म्हणजे "नाही का?", म्हणून आपली संमती घेतात. हे सगळं मला पहिल्या आठवड्यातच आवडून गेलं. मान खाली जायची ती निराळ्याच कारणाने. मामा कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवत. एकच, खणखणीत. मग मान तिरकी करून, डोळे मिटून, ती टाळी भिंतींवरून कशी परत येते ते ऐकत. त्यांना गाण्याचा नाद. पेटीवर देवरनामे, म्हणजे कन्नड भजनं, आणि अभंग म्हणतात. आणि आवाजाचं निम्मं काम गळा करतो, निम्मं खोली करते, असं त्यांचं ठाम मत.

माझ्या ऑफिसातल्या अनघाने नवीन फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आम्ही मामांनाही नेलं. दिवाणखान्यात चकचकीत फरशी, काचेचं टेबल, सगळे पुण्याकडचे पाहुणे हातात पेढे घेऊन उभे. मामा उंबरठा ओलांडून आत आले आणि टाळी वाजवली. सगळे गप्प झाले. लोकांना वाटलं, हे काहीतरी जाहीर करणार. मामा डोळे मिटून उभे राहिले आणि मग अनघाच्या नवऱ्याला अत्यंत प्रेमाने म्हणाले, "घर फार छान आहे. पण ओरडते. सोफ्याच्या पाठी एक गादी उभी करा, गप्प होईल." मी पेढा गिळला, चावला नाही.

पण टी. नरसीपूरला जे झालं त्यापुढे हे काहीच नव्हे. तिथे माझ्या सासूबाई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, माझ्या थोरल्या दिरांकडे असतात. त्यांच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ वारले, म्हणून आम्ही भेटायला गेलो. खोलीभर माणसं भिंतीला टेकून बसलेली, मध्ये त्या गृहस्थांच्या पत्नी, एक आजी. मामांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मला कळत होतं, आत काय चाललंय ते. बराच वेळ त्यांनी तग धरला, आणि मग हात सुटले. टाळी! आजींनी दचकून वर बघितलं. जमीन दुभंगावी असं मला झालं. मामा हात जोडून म्हणाले, "क्षमा करा. पण खोली चांगली आहे. इथे रडलं तर घुमत नाही." आजी त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि कितीतरी वेळ अडलेलं त्यांचं रडू तिथे एकदम फुटलं. सासूबाई नंतर म्हणाल्या की दादाने बरंच केलं म्हणायचं. मला मात्र बसमध्ये बसेपर्यंत कुणाच्या तोंडाकडे बघवलं नाही.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरातली गाण्याची खोली कशी असावी? आमचं घर दोन गल्ल्या जिथे मिळतात त्या चिंचोळ्या टोकावर उभं आहे. त्या टोकातली खालची खोली पाचकोनी. एकही भिंत दुसरीच्या समोर नाही. वरून जिना जातो म्हणून छत एका बाजूला उतरतं, इतकं की उंच माणसाला त्या बाजूने नमस्कार करतच यावं लागतं. दुकान बंद केल्यावर मामांनी जाहीर केलं, की आता या खोलीत बसून आपण आपली गाणी रेकॉर्ड करणार. पहिल्याच दिवशी ते पेटी घेऊन बसले आणि थोड्या वेळाने घामाघूम होऊन बाहेर आले. "चौकोनी खोलीत आवाज कुठून परत येतो ते कळते तरी," ते म्हणाले. "इथे कुठून येऊन चावते पत्ताच नाही. आणि त्या टोकात खर्ज साचलेला आहे. डबक्यासारखा."

तो साचलेला खर्ज उपसायला त्यांना वर्ष लागलं. मोबाईलवर कुणी परदेशी माणूस खोल्यांवर उपचार कसे करायचे ते दाखवायचा. त्याचं इंग्रजी मी मामांना मराठीत सांगायची, मामा ते कन्नडमध्ये सुताराला सांगायचे आणि सुतार आपल्याला हवं ते करायचा. आधी बेकरीतून अंड्यांचे रिकामे ट्रे आणून भिंतींना चिकटवले. आवाजावर त्याचा परिणाम शून्य झाला, पण मुंग्या मात्र फार खूश झाल्या. मग दुकानातला उरलेला माल कामाला आला. लाकडी चौकटी करून त्यात कापूस आणि काथ्या ठासला, वरून गुलाबाच्या फुलांचं पडद्याचं कापड ताणलं. टोकाच्या कोपऱ्यात गाद्यांच्या वळकट्या छतापर्यंत रचल्या. माल संपला तेव्हा मामा नातेवाइकांकडे जुन्या गाद्या मागत फिरले. लग्नाच्या पंगतीत माझ्या चुलत जावेला त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "तुझ्या पोराने ओली केलेली ती गादी अजून आहे का? वाळली असली तर चालेल." जाऊ अजून माझ्याशी मोजकंच बोलते.

चौकटी कुठे लावायच्या ते ठरवायला आरसा लागतो. गाणाऱ्याने आपल्या जागेवर बसायचं आणि दुसऱ्याने आरसा भिंतीवरून सरकवत न्यायचा; जिथे बसलेल्याला आरशात माईक दिसेल, तिथून आवाज उलटतो, म्हणून तिथे चौकट. हे काम माझ्याकडे आलं. एका रविवारी मामा खुर्चीवर ताठ बसलेत आणि मी आरसा घेऊन पाचही भिंतींवरून वर-खाली सरकतेय, असा तो देखावा खिडकीतून समोरच्या शारदम्मांनी बघितला. शारदम्मा म्हणजे विधवा, एकट्या, आणि गल्लीच्या वार्ताहर. संध्याकाळपर्यंत मला तिघींनी विचारलं, की मामांना कुणाची दृष्ट लागली होती का. छताच्या उतारावर मामांनी एक गादी आडवी टांगली, ती गुरुवारच्या भजनात तबला वाजवणाऱ्या व्यंकटेशण्णांच्या डोक्यावर पडली. व्यंकटेशण्णा शेजारच्या घरात राहतात. लागलं नाही, पण गादीखालूनही त्यांनी ठेका सोडला नाही, हे त्यांनी पुढे अभिमानाने सगळ्यांना सांगितलं.

आणि एक दिवस ती खोली झाली. मामांनी दार लावलं, टाळी वाजवली, आणि टाळी परत आलीच नाही. भिंतींनी ती गिळून टाकली. मीही आत होते. कानात कुणी मऊ बोळे घातल्यासारखं वाटलं. माझा श्वास मला ऐकू आला. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मेली," ते हळूच म्हणाले, "टाळी इथेच मेली." आणि इथे एक घोटाळा झाला, जो मला माहीत होता. आपल्याच खोलीत आवाज घुमू न देणं वेगळं, आणि आवाज खोलीबाहेर जाऊ न देणं वेगळं. गाद्या-कापसाने पहिलं होतं. दुसऱ्याला जाड भिंती, जाड दार आणि बुजवलेल्या फटी लागतात. त्या परदेशी माणसाने ते सांगितलंही होतं. पण मामांचं म्हणणं, जी टाळी परत येत नाही ती बाहेर तरी कशी जाईल? खात्री करायला त्यांनी श्रीधरला गल्लीत उभं केलं आणि आत बसून वरच्या पट्टीत अभंग म्हटला. दारावरच्या झरोक्यातून तो अभंग पार कोपऱ्यावरच्या केळेवाल्यापर्यंत गेला. मामा बाहेर आले, लहान मुलासारखा चेहरा करून. "ऐकू आला?" श्रीधर मामांचाच भाचा. "छे," तो म्हणाला, "काहीच नाही."

त्या "काहीच नाही"ने आमच्या गल्लीचा कायापालट झाला.

मी सकाळी बाल्कनीत उभी होते. खाली मामांची पेटी वाजत होती. ती थांबली. आणि मामांचा आवाज आला, पण मी पूर्वी कधी न ऐकलेला. जन्मभर कुणाला उलटून न बोललेला तो माणूस, आता आपल्याला कुणी ऐकत नाही अशा खात्रीने, बोलत होता. "शारदम्मा," ते कन्नडमध्ये म्हणत होते, "माझ्या वेलीचं मल्लिगे तुम्ही रोज पहाटे तोडून नेता. न्या. पण सगळं? माझ्या देवाने काय तुमचं घोडं मारलंय? दोन फुलं ठेवायला हात झडतात का?" मग समाधानाचा एक सुस्कारा, आणि पुन्हा पेटी सुरू. समोरच्या खिडकीत शारदम्मा उभ्या होत्या. ओंजळीत फुलं होती. आमची नजरानजर झाली आणि दोघींनीही एकदम आकाशाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मोगऱ्याच्या वेलीवर निम्मी फुलं होती. "शारदम्मांचं काय झालं काय की," मामा मला म्हणाले, "फुलं ठेवून गेल्या. मन बदललेलं दिसते." मग व्यंकटेशण्णांची पाळी आली. "व्यंकटेशा, अभंग संपल्यावर तुझी बस सुटणार असते काय? विठोबा विटेवर उभा आहे, तो कुठे जात नाही. तू कशाला पळतोस?" पुढच्या गुरुवारी व्यंकटेशण्णांनी असा संथ ठेका धरला की प्रसादाचा शिरा गार झाला. कुणी दारात कचरा ढकलायचं सोडलं, कुणी स्कूटर आडवी लावायचं सोडलं. मामा थक्क झाले होते. "संगीताचा परिणाम आहे," ते श्रीधरला म्हणाले, "खोली शुद्ध झाली की माणसंही शुद्ध होतात." श्रीधर पाणी प्यायला आत गेला.

माझी पाळी यायची होतीच. "पोरगी गुणाची आहे," मामा एका सकाळी सुरू झाले, आणि मी कठडा घट्ट धरला. "पण कॉफी! ती कॉफी पिलो की मला वाटते, मी आजारी आहे आणि हे औषध आहे." समोरच्या खिडकीत शारदम्मांनी तोंडाला पदर लावला. मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. दुपारी शारदम्मांनी त्याबद्दल काही न बोलता मला आपल्या घरी बोलावलं आणि फिल्टर कसा भरायचा ते दाखवलं. मीही काही बोलले नाही. गल्लीत सगळ्यांचं असंच चाललं होतं. मामांना सांगायला हवं, हे प्रत्येकाला कळत होतं. पण सांगायचं म्हणजे इतके दिवस ऐकत होतो हे कबूल करायचं, आणि आपल्याला काय ऐकवलं गेलं तेही. त्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं. आणि खरं सांगायचं तर, सकाळी पेटी थांबली की गल्लीतल्या खिडक्या हळूच उघडायच्या.

मग एकदा माझ्या ऑफिसातली मंडळी आमच्याकडे जेवायला आली. मामा डोकं दुखतं म्हणून खालून वर आलेच नाहीत. मनातून मी सुटकेचा श्वास टाकला, की आज टाळी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खालून आवाज आला. "काल डोकं नव्हतं दुखत," मामा स्वतःलाच सांगत होते. "त्या सगळ्यांचं मराठी म्हणजे कसं पुस्तकातल्यासारखं. माझं ऐकले असते तर पोरीला खाली बघायला लागलं असतं. जाऊ दे. आईनं जेवढं शिकवली, तेवढं आहे माझ्याकडे." मी आजवर त्यांच्यामुळे कितीदा खाली बघितलं, पण त्यांच्या मराठीमुळे एकदाही नाही. हे त्यांना कसं सांगायचं? सांगायला मी जिना उतरले, दारापर्यंत गेले, आणि तशीच परत आले.

हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण मामांना आपल्या गाण्यांतलं एक चांगलंसं निवडून घरच्या ग्रुपवर पाठवायचं होतं. खोलीत शिरल्याबरोबर रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबायचं, एवढंच श्रीधरने त्यांना शिकवलं होतं. ते थांबवायचं कसं ते मामांनी कधी विचारलं नाही, त्यामुळे गाण्याबरोबर पुढचं सगळं बोलणंही टिपलं जात होतं. एका रविवारी दुपारी त्यांनी पहिल्यांदाच कानांवर हेडफोन चढवून ते सगळं ऐकलं. आणि मग ते जिना चढून वर आले. हेडफोन गळ्यात, चेहरा पांढरा. "पोरी, हे ऐक," ते म्हणाले.

मी कानाला लावलं. मामांचा अभंग, सुरेख. मग पेटी थांबली. आणि त्या शांततेत, गल्लीच्या त्या बाजूहून, अगदी स्वच्छ, शारदम्मांचा आवाज: "श्श्! मामांचं शुरू आयतु! टीव्ही कम्मी माडी! इवत्तु यार बग्गे?" सुरू झालं, टीव्ही हळू करा, आज कुणाबद्दल? त्यावर कुणीतरी हसलं. मग व्यंकटेशण्णांचं खाकरणं. मग वरून, अगदी जवळून, आणखी एक हसणं.

"हा श्रीधर, अल्ला?" मामांनी विचारलं.

मी मान हलवली.

"रोज? सगळे?"

मी पुन्हा मान हलवली. मामांनी हेडफोन माझ्या हातातून परत घेतले. "आयतु," ते म्हणाले. झालं तर मग. आणि खाली गेले. सकाळी बघतो तर दाराला कुलूप. टी. नरसीपूरहून सासूबाईंचा फोन आला, "काय केलंत रे तुम्ही दादाला? मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसलाय. जेवायला चल म्हटलं तर म्हणतो, कुणाला तोंड दाखवू?"

गल्लीत त्या आठवड्यात कुणी कुणाशी धड बोललं नाही. श्रीधरने मामांना फोन लावले, मामांनी ते उचलले नाहीत. वेलीवरची फुलं कुणी तोडेना; ती खाली पडून तपकिरी होऊ लागली. मग एका सकाळी शारदम्मा पिशवी घेऊन आमच्या दारात आल्या. "चल," त्या म्हणाल्या. "कुठे?" "तुझ्या सासूकडे. श्रीधरला नको, तो रडेल."

पडवीत मामा खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसले होते. आमची चाहूल लागली तसे आणखी आत सरकले. शारदम्मा खाली बसल्या. बोलणं कन्नडमध्ये झालं, पण माझ्या कानांत ते मराठीतच राहिलं आहे.

"मामा, इकडे बघा."

"नका बोलू, शारदम्मा. इतकं घाणेरडं बोललो मी तुम्हाला. घोडं मारलंय म्हणालो."

"म्हणालात."

"हात झडले म्हणालो."

"तेही म्हणालात. बरोबर म्हणालात. फुलं मी सगळीच नेत होते." शारदम्मांनी पिशवी बाजूला सारली. "आमचे हे गेले तेव्हापासून मला कुणी रागावलंच नव्हतं हो. सगळे जपून बोलतात. पोरगा परदेशातून फोन करतो, तोही जपून. तुम्ही रागावलात त्या दिवशी मी घरभर हसत फिरले. मला वाटलं, मी अजून आहे तर."

मामा वळले नाहीत, पण त्यांच्या पाठीचा ताठपणा गेला. मग मी पुढे झाले. मी म्हटलं, "मामा, तुमचं मराठी ऐकून मी कधी खाली बघितलं नाही. टाळीने बघितलं. फक्त टाळीने." मामांनी सावकाश मान वळवली. "टाळीने?" ते म्हणाले. "टाळीत काय वाईट आहे?" त्यांच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ आश्चर्य होतं की दारातून बघणाऱ्या सासूबाई पदरात तोंड घालून हसायला लागल्या. मग शारदम्मा, मग मी. मामा आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. "कॉफीचंही ऐकलीस तू?" त्यांनी मला घाबरत विचारलं. "ऐकलं." "सगळं?" "औषधापर्यंत." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

परत यायला ते तयार झाले, पण झरोका बुजवायचा या अटीवर. तो आता बुजवला आहे. दाराला आतून जाड गादी मारली आहे, फटींत कापूस आहे. मामा अजूनही सकाळी आत जातात, आणि आत काय बोलतात ते कुणाला कळत नाही. गल्लीला ती शांतता अजून नीट सवयीची झालेली नाही. खिडक्या वेळेवर उघडतात आणि थोड्या वेळाने मिटतात. कोपऱ्यावर पुन्हा कचरा दिसू लागला आहे.

पण बसमधलं सांगायचं राहिलं. टी. नरसीपूरहून आम्ही तिघं दुपारच्या बसने निघालो. मामा खिडकीशी, मध्ये मी, कडेला शारदम्मा. नदीवरचा पूल गेला, उसाचे मळे गेले, मामा बाहेरच बघत होते. मग माझ्या अंगावरून वाकून, शारदम्मांकडे न बघता, त्यांनी हळू विचारलं, "त्या दिवशीचंही ऐकलात काय? मी... तिच्याशी बोललो तो दिवस?"

कुठला दिवस ते आम्हा दोघींना कळलं. मामींचं त्या वर्षीचं श्राद्ध झाल्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पेटी वाजलीच नव्हती. मामांनी मामींना हाक मारली होती, नावाने. मी फक्त पहिलं वाक्य ऐकलं, आणि ते मी कुठेच लिहिणार नाही. मी आत पळाले होते, बाल्कनीचं दार लावलं होतं आणि उशीखाली डोकं घालून पडून राहिले होते, लहानपणी आईबाबांचं भांडण ऐकू येऊ नये म्हणून पडायची तशी.

शारदम्मा पिशवीचे बंद नीट करत होत्या.

"मला वाटलं, त्या दिवशीचंही असणार," मामा म्हणाले. "म्हणून ते रेकॉर्डिंग ऐकायला लावलो. पहिल्या वाक्यानंतर मी हळूच बोललो, तो आवाज कळतच नाही त्यात. पुढे शेवटपर्यंत नुसती घरघर. कसली घरघर ते कळेना."

"मिक्सर," शारदम्मा म्हणाल्या.

"मिक्सर?"

"माझा. खिडकीत आणून ठेवला आणि लावून दिला."

"काय वाटत होता इतका वेळ?"

"काही नाही. रिकामाच फिरवत होते."

मामांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळून बघितलं. "रिकामा फिरवला की मोटर जळते, शारदम्मा."

"जळलीच," त्या म्हणाल्या.

मामा पुन्हा खिडकीकडे वळले. खिशातून रुमाल काढून त्यांनी खिडकीची काच पुसली. काच स्वच्छ होती. तरीही म्हैसूर येईपर्यंत ते ती पुसत राहिले.